रत्नमालाबाईंचा सवयीचा मुक्काम

"बायको कुठं राहते हे सिद्ध करायला मला साक्षीदार नाय लागत," ॲडव्होकेट सांडू जंजाळ वकिलांच्या खोलीत चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "ती बजाजनगरात असो नायतर बेल्जियममधी असो. कायद्यानं ती माझ्याच घरात राहते. युरोपातला कुठलाबी जज पाच मिनिटांत लिहून देईल."

खोलीत तिघं वकील होते. युरोपचं नाव निघाल्याबरोबर एकाला आपली तारीख आठवली, दुसऱ्याला त्याची, आणि तिसऱ्याला झोप लागली.

तेवढ्यात सांडूचा फोन वाजला. रत्नमालाचा होता. बारा दिवसांनी आला होता.

"अहो, तुमच्या मोबाईलवर एक नंबर आला असंल," ती म्हणाली. "सहा आकडी. तेवढा सांगा बरं."

कसला नंबर, कशाला पाहिजे, हे सांडूनं विचारलंसुद्धा नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि एकेक आकडा असा सावकाश सांगायला लागला, जसं काही बाळाचं नाव ठेवतोय. चार. मग परत चार. मग शून्य. शून्यावर तो जरा रेंगाळला. सहावा आकडा येऊ नये असंच त्याला वाटत होतं, पण तो आला. "झालं," म्हणून रत्नमालानं फोन ठेवला आणि पाठोपाठ मेसेज पडला. गॅसचं कनेक्शन रत्नमालाच्या नावावर होतं, मोबाईल नंबर सांडूचा होता, आणि ते कनेक्शन सांडूच्या घरच्या, सिडको एन-सातच्या पत्त्यावरून बजाजनगरच्या पत्त्यावर यशस्वीपणे गेलं होतं. सांडूच्याच तोंडून गेलं होतं.

झोपलेला वकील जागा झाला. "जंजाळसाहेब," तो म्हणाला, "बेल्जियमला सिलिंडर किती दिवसांत पोचतो?"

आता हे युरोप सांडूच्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगायला पाहिजे.

सांडूचं वय सत्तावन्न. एकतीस वर्षं त्यानं कोर्टात प्रतिज्ञापत्रं केली. मार्कशीट हरवलेले, नाव चुकलेले, जन्मतारीख नसलेले असे सगळे लोक त्याच्याकडं यायचे. 'कडूबा आणि कडुबा हा एकच इसम आहे' असं त्यानं आयुष्यात कमीत कमी दोनशे वेळा शपथेवर लिहून दिलं असंल. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला मोबाईलवर एक जाहिरात दिसली. नेदरलँडचं कुठलंसं विद्यापीठ, घरबसल्या डिप्लोमा, युरोपियन खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा. फोटोत एक कालवा होता आणि कालव्यात पाणी होतं. आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावातल्या माणसाला तेवढं बास झालं. त्यानं नाव घातलं.

कायदा तसा सोपा आहे. नवरा एका देशातला, बायको दुसऱ्या देशातली, घर तिसऱ्या देशात आणि भांडण चौथ्या देशात झालं, तर खटला कुणाच्या दारात न्यायचा आणि कायदा कुणाचा लावायचा, एवढंच त्यात असतं. पण मराठवाड्यात नवरा-बायको एका गावचे असतात आणि भांडणही तिथंच होतं. त्यामुळं सांडूला अशील मिळेना. एकदा मात्र फर्दापूरचा एक दुकानदार सापडला, लेणी बघायला येणाऱ्यांना चमकते दगड विकणारा. तो बिचारा भावाच्या सातबाऱ्याचं विचारायला आला होता. सांडूनं त्याला पाऊण तास समजावून सांगितलं, की तुझ्या पाटीवर फ्रेंच भाषेत 'या, बसा' लिहिलंय, म्हणजे तू फ्रान्समधी धंदा करतोस, उद्या दगड फुटला तर तुला फ्रान्सच्या कोर्टात उभं करतील. सातबारा राहिलाच. तो माणूस तेव्हापासून फ्रेंच गिऱ्हाईक दिसलं की शटर ओढून घेतो म्हणतात.

मग ऐकायला राहिली रत्नमाला. जेवताना सांडू तिला रोज एक कलम सांगायचा. तिनं चार महिने ऐकलं. पाचव्या महिन्यात तिच्या बहिणीची लेक सायली बजाजनगरात बाळंत झाली आणि रत्नमाला दोन लुगडी घेऊन पंधरा दिवसांसाठी तिकडं गेली. सायलीचा नवरा आकाश कंपनीत कामाला. त्याचे दोन मित्र एकदा जेवायला आले, मग चार आले, मग सायलीच्या घरामागं पत्र्याची शेड झाली, आणि आता रत्नामावशीची मेस म्हटलं की वाळूजच्या सगळ्या कारखानी भागात रिक्षावाला पत्ता विचारत नाही. पंधरा दिवसांचे चौदा महिने झाले. भांडण म्हणाल तर एका शब्दाचं झालं नाही. तीच तर पंचाईत होती. भांडण झालं असतं तर सांडूला काहीतरी करता आलं असतं.

घरी सांडू एकटा. नळ आला की ड्रम भरायचा, नळ गेला की झाकण लावायचं. दुपारी रिक्षातून बजाजनगरचा डबा यायचा, त्यातलं अर्धं तो रात्रीला ठेवायचा. बुधवारी संध्याकाळी साडेपाचला वर्ग. त्या दिवशी तो वरून काळा कोट आणि गळ्याला वकिलाचे पांढरे बँड घालायचा, खाली लुंगी. वर्गात बाई आणि पाच विद्यार्थी. बाकीचे चौघं कॅमेरा बंद ठेवायचे, त्यामुळं पडद्यावर चार काळे चौकोन आणि प्रत्येकात एक अक्षर दिसायचं. सांडू चौघांना वेगवेगळी गुड इव्हिनिंग म्हणायचा. एन नावाचा चौकोन त्याला जरा मायाळू वाटायचा, कारण तो सगळ्यात आधी यायचा आणि सगळ्यात शेवटी जायचा. दिवाळीला सांडूनं त्याला चकलीचा फोटो पाठवला. दोन महिन्यांनी कळलं की एन हा माणूस नाहीच, तो वर्गाचं रेकॉर्डिंग करणारा प्रोग्राम आहे. पाचवा विद्यार्थी पहिल्याच महिन्यात सोडून गेला होता. तरी सांडूनं गुड इव्हिनिंग बंद केलं नाही. इतक्या दिवसांची ओळख.

डिप्लोमाचं शेवटचं काम होतं एक शोधनिबंध. एखाद्या खऱ्या माणसाचा 'सवयीचा मुक्काम' कुठं आहे ते पुराव्यानिशी ठरवायचं. हा शब्द सांडूनंच मराठीत पाडला होता. युरोपात खटला कुठं चालणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं. माणसाचं बूड कुठं टेकलंय एवढंच बघत नाहीत, जीव कुठं रमलाय तेही बघतात. आणि तिकडच्या वरच्या कोर्टानं सांगून ठेवलंय, की नवरा-बायकोपैकी कुणी दोन ठिकाणी दिवस काढत असलं तरी सवयीचा मुक्काम एकच असतो.

ते वाचून सांडूनं मांडीवर थाप मारली. रत्नमालाला 'परत ये' म्हणायला चौदा महिने त्याची जीभ रेटली नव्हती. आता म्हणायची गरजच नव्हती. कायदाच सांगणार होता की ती गेलेलीच नाही. त्यानं एन-सातला 'राज्य क' केलं, बजाजनगरला 'राज्य ख' केलं, स्वतःला 'श्री. ब' केलं, आणि बाईंना विषय कळवला. बाईंनी विचारलं, दोन राज्यांत अंतर किती? सांडू म्हणाला, सतरा-अठरा किलोमीटर. बाई म्हणाल्या, म्हणजे सीमेवरचीच गावं, मग येणंजाणं अवघड का? सांडूनं प्रामाणिकपणे सांगितलं, की मध्ये लष्कराची छावणी लागते. बाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी त्याला पंधरा दिवसांची मुदत वाढवून दिली आणि जिवाला जपा म्हणाल्या.

आधी त्यानं घरातला पुरावा गोळा केला. अकरा साड्या, इस्त्री, तिच्या आईचा फोटो. बाजू भक्कम वाटली. मग सहज म्हणून त्यानं स्वयंपाकघरात बघितलं तर मिक्सर नव्हता. गुडघ्याच्या तेलाची बाटली नव्हती. जवळचा चष्मा नव्हता. पोळपाट होता तिथं फक्त गोल डाग होता. पोळपाट कधी गेला हे त्याला आठवेना. ती मधे दोनदा येऊन गेली होती, तेव्हा तो तिला हॉलमध्ये बसवून कलमं सांगत होता.

एका मंगळवारी तो कोट घालून, वर्गानं दिलेला प्रश्नांचा फॉर्म घेऊन बाबा पंपावरून शेअर रिक्षात बसला आणि बजाजनगरला उतरला. त्यानं मुद्दाम रत्नमाला भाजीला जाते ती वेळ धरली होती. पुरावा गोळा करताना संबंधित व्यक्तीवर प्रभाव पडता कामा नये, असं बाई म्हणाल्या होत्या. तो शेडच्या मागून आत शिरला आणि रत्नमालाच्या चपलांचा फोटो काढायला वाकला. वाकलेला असतानाच त्याचं मनगट कुणीतरी धरलं.

तो शिवम होता. कंपनीत वेल्डर, दुसऱ्या पाळीचा, मेसचा जुना गडी. काळा कोट आणि हातातला फॉर्म बघून त्याची खात्री झाली, की अन्न तपासणीवाले आले. त्यानं मनगट सोडलं, खुर्ची दिली, ताक दिलं आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, एक सांगतो. ती पाल आमची नाय. शेजारच्यांची हाय."

"इथं कशी आली?" सांडूनं विचारलं.

"भिंत वलांडून येती, साहेब. दिवसभर तिकडंच असती."

सांडूनं हेसुद्धा लिहून घेतलं. एवढं स्वच्छ सीमापार प्रकरण त्याला दोन वर्षांत मिळालं नव्हतं.

मग त्यानं मावशीची चौकशी सुरू केली, आणि पालीवरून विषय हलावा म्हणून शिवम घडाघडा बोलला. मावशी पहाटे उठते. मावशीनं गल्लीतल्या सहा बायकांना कामाला लावलंय. मावशी जेवणाऱ्यांची भांडणं मिटवते, दोघांची लग्नं जमवलीत. गावाला जाते का? नाय. कुठली हाय ती? इथलीच. शहरात तिचं कुणी हाय का? शिवमनं डोकं खाजवलं. तसं कुणी नाय, म्हणाला, पण एक डबा रोज शहरात जातो. त्रेचाळीस नंबर. कुणीतरी म्हातारा पेशंट हाय. त्याची भाजी मीठ कमी घालून अलग पातेल्यात करावी लागती, आणि मीठ चुकलं की मावशी सगळ्यांवर वरडती.

सांडूची पेन्सिल थांबली. तो रोज जो डबा 'बायकोच्या हातचा' म्हणून खायचा, त्याच्या बुडाला रंगानं त्रेचाळीस लिहिलेलं होतं. त्याला ते डबा बनवणाऱ्या कंपनीचं माप वाटायचं. 'क' आणि 'ख'च्या तक्त्यात हे कुठं लिहावं हे त्याला समजेना. नंबर 'ख'च्या बाजूनं जात होता. मीठ कुणाच्या बाजूनं जात होतं, यावर कुठल्याच कोर्टाचा निकाल नव्हता.

तेवढ्यात रत्नमाला आली. हातात पालकाच्या पेंढ्या होत्या.

"काय वो? तब्येत बरी हाय ना?"

"कामानिमित्त आलो होतो," सांडू म्हणाला.

"जेवलात?"

तो नाही म्हणाला. तिनं परातीत पीठ ओढलं आणि लाटायला बसली. पोळपाट एन-सातचाच होता. ती जरा जाडसर झाली होती आणि कपाळावर पीठ लागलं होतं, आणि सांडूला वाटलं की आता बोलावं. त्यानं खिशातून फॉर्म काढला.

"प्रश्न सतरा. इथला मुक्काम कायमचा करायचा तुझा हेतू आहे का?"

लाटणं थांबलं. "हे कोण इचारतंय?"

"नेदरलँड."

"मंग नेदरलँडला सांगा, पन्नास जणांच्या पोळ्या राहिल्यात." तिनं लाटणं परत फिरवलं. "तुम्हाला इचारायचं असंल तर तुम्ही इचारा."

सांडूनं घसा साफ केला. तव्यावरची पोळी फुगली, शिवमनं ती उतरवली, दुसरी पडली, तीही फुगली. दोन पोळ्यांइतका वेळ सांडूला मिळाला होता. एकतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या वतीनं शपथा घेतल्या होत्या, स्वतःच्या वतीनं काय बोलतात त्याला माहीत नव्हतं.

"प्रश्न अठरा," तो म्हणाला. "दात दुखला तर डॉक्टर कुठला?"

"इथल्याच मोरे चौकातला," रत्नमाला म्हणाली आणि त्याच्याकडं परत बघितलं नाही.

निबंध कोर्टाबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या मुख्तारभाईनं टाईप केला. सांडूला खोटं लिहायची संधी होती, पण बाकी काही असो, त्याच्या प्रतिज्ञापत्रात आजवर खोटं नव्हतं. चष्मा ख, तेल ख, पोळपाट ख, गॅस ख, दात ख. 'क'च्या बाजूला अकरा साड्या आणि श्री. ब. सतरा पानं झाली. मुख्तारभाईनं बोटं मोडली आणि शेवटचं पान हातात देताना म्हणाला, "जंजाळसाब, एक लाइन का काम था. भाभी, घर कू चलो. इसमें यूरोप कू कायकू तकलीफ दिये?"

सांडूनं त्याला समजावलं की हा विषय तितका सोपा नाही. मुख्तारभाईनं पुढच्या गिऱ्हाइकाचं भाडेपत्र घेतलं.

तोंडी परीक्षा बुधवारीच झाली. कोट, बँड, लुंगी. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा चालू होता आणि बाई प्रत्येक भोंग्याला छावणीच्या काळजीनं दचकत होत्या. निबंध त्यांना फार आवडला होता. पुरावा इतका एका बाजूचा, की शंकाच नाही, त्या म्हणाल्या. श्री. बच्या बायकोचा सवयीचा मुक्काम ख. मग त्यांनी विचारलं, हा श्री. ब तुमचा अशील आहे का?

हो, सांडू म्हणाला. जुना अशील आहे. माझं ऐकत नाही.

मग त्याला एवढं सांगा, बाई म्हणाल्या. त्याचं जेवण ख मधून येतं. त्याच्या मिठाची काळजी ख मध्ये केली जाते. दिवसभर तो ख कडून येणाऱ्या फोनची वाट बघतो असं तुम्हीच पान चौदावर लिहिलंय. क मध्ये त्याचे फक्त ड्रम आहेत. माझ्या मते त्याचाही सवयीचा मुक्काम ख च आहे, त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही. बाईंनी दहापैकी नऊ दिले. एक कापला, कारण सतरा पानांत अशिलाला स्वतःला काय पाहिजे हे कुठंच विचारलेलं नव्हतं.

एकेक चौकोन विझत गेला. एनसुद्धा गेला. पडद्यावर काळ्या कोटातला एक माणूस उरला, तो बराच वेळ सांडूकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं बॅग भरली. चार शर्ट, दोन पँट, बीपीच्या गोळ्या, आईचा म्हणजे तिच्या आईचा फोटो आणि कायद्याची तीन जाड पुस्तकं. पुस्तकं त्यानं एकदा काढली, परत भरली. शेअर रिक्षावाल्यानं बॅग मागं कोंबली. नगर नाक्यापासून सांडू एकच वाक्य पाठ करत होता. छावणी गेली तेव्हा ते येत होतं. पुलावर विसरलं. पुढं परत आलं. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, दादा, तुम्हाला काय होतंय का? त्यानं मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर वाक्य सांडलं असतं. बजाजनगर आल्याबरोबर तो ओठ मिटूनच उतरला आणि भराभर चालायला लागला.

पाळी सुटली होती. शेडमध्ये ताटं घेऊन रांग लागलेली. पुढं जाऊन बोलावं तर सगळे ओरडले असते, म्हणून सांडू रांगेत उभा राहिला. पुढं बारा जण होते. प्रत्येकाला वाढताना रत्नमाला मान खाली ठेवून एवढंच विचारायची, किती? तो म्हणायचा दोन, नायतर तीन. सांडूचा नंबर आला.

"किती?"

"रत्ना," सांडू म्हणाला, "मी इथं राहायला येऊ का? हे मी इचारतोय."

मागच्या वेल्डरानं ताट खाली केलं. रत्नमालानं मान वर केली. हात पदराला पुसले, सांडूकडं बघितलं, मग त्याच्या डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं आणि जरा वाकून टेबलाखालीही बघितलं.

"सामान कुठंय?" ती म्हणाली.

सामान रिक्षात होतं. रिक्षा पुढं रांजणगावला गेली होती.